जावा-आज्ञावलीचे वितरण आणि देवनागरी मजकूर

भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाने संगणकाच्या आज्ञावलीची बांधणी कशी होते याची चिकित्सा करावी, हे कित्येकांस विषयांतर वाटण्याचा संभव आहे. परंतु बोलींच्या अभ्यासाचे साहित्य आज ज्या साधनांनी साठविले, लाविले व मोजले जाते ती साधने पाहता हा प्रश्न आपल्याच अंगणात येऊन उभा राहिलेला आहे. ध्वनिमुद्रणास टिपणे जोडण्यासाठी जगभर वापरला जाणारा ‘एलान’, जो नेदरलंड्समधील नाइमेखन येथील माक्स प्लांक संस्थेत तयार झाला, तो जावा भाषेत लिहिलेला आहे. मुंबईच्या आय. आय. टी.ने हिंदी शब्दजालाच्या उपयोगासाठी जी लायब्ररी प्रसिद्ध केली तीही जावाचीच. आपल्या विभागांतील विद्यार्थीही शब्दसूची लावण्यासाठी, प्रत्यय मोजण्यासाठी लहान लहान आज्ञावल्या स्वतः लिहू लागले आहेत. या आज्ञावल्या लिहिणाराच्या यंत्रावर उत्तम चालतात. जळगावहून धुळ्यास नेल्या म्हणजे उघडतच नाहीत, अथवा उघडतात आणि भलतेच काही दाखवितात. पहिली आपत्ती त्रासदायक खरी, पण दुसरी अधिक घातक होय. कारण तिचा पत्ता लागेपर्यंत निष्कर्ष प्रबंधात जाऊन बसलेला असतो. हा दोष पुष्कळदा आज्ञावलीच्या तर्कात नसतो, तिच्या बांधणीत असतो. आणि बांधणीतील ही गळती देवनागरी मजकुरास विशेष भोवते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ते का, हे पुढे पाहावयाचे आहे.

विवेचनासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. खानदेशातील बोलींविषयी ग्रियर्सनने आपल्या भाषिक सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात (१९०७) भिल्ल भाषांच्या सोबतीने खानदेशीचा विचार केला, तेव्हापासून अहिराणीच्या स्थानाची चर्चा चालू आहे. त्या चर्चेत उपयोगी पडणारे एक लक्षण म्हणजे प्रमाण मराठीतील ‘ळ’च्या जागी येणारा ‘य’ : ‘डोळा’ यास ‘डोया’, ‘काळा’ यास ‘काया’. समजा, एका विद्यार्थ्याने साक्री, शिरपूर, चोपडा, अमळनेर या तालुक्यांतील निवेदकांकडून शब्द मिळवून सूची केली आहे. पहिल्या रकान्यात प्रमाण शब्द, दुसऱ्यात बोलीतील रूप, तिसऱ्यात गाव व मुलाखतीची तारीख. ही सूची कोशक्रमाने लावून ‘ळ’युक्त शब्दांचे रूपांतर गावागणिक मोजणारी आज्ञावली त्याला हवी आहे. येथेच एक अडचण उभी राहते. मराठी कोशात ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो व त्यामागून ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’. युनिकोडच्या तक्त्यात मात्र ‘ळ’ हा ‘ल’च्या लगतच बसविलेला असून ‘क्ष’ व ‘ज्ञ’ यांस स्वतंत्र क्रमांकच नाहीत. ती जोडाक्षरे आहेत. म्हणून केवळ क्रमांकांच्या आधारे लाविलेली सूची कोशासारखी लागत नाही. ‘आय. सी. यू.’ या लायब्ररीत मराठीसाठी स्वतंत्र नियमसंच आहे. तिचा आधार घेतला की क्रम नीट लागतो. परंतु त्या क्षणापासून आपल्या आज्ञावलीस दुसऱ्याने लिहिलेल्या, दहा मेगाबाइटांहून मोठ्या अशा एका फाइलीची सोबत अपरिहार्य होते. वितरणाचा प्रश्न वस्तुतः येथून सुरू होतो.

जावा ही भाषा सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९९५ साली जाहीर केली, ती एकदा लिहावे आणि कोणत्याही यंत्रावर चालवावे या आश्वासनासह. हे आश्वासन पाळण्याची युक्ती अशी की, लिहिलेल्या मजकुराचे संकलन होऊन जे निघते ते कोणत्याही प्रत्यक्ष यंत्राच्या भाषेत नसते, तर ‘बाइटकोड’ नावाच्या मधल्या भाषेत असते. आणि ही मधली भाषा समजणारा दुभाषी, म्हणजे जावाचे आभासी यंत्र, प्रत्येक संगणकावर निराळा बसविलेला असतो. प्रत्येक वर्गाची एक ‘क्लास’ फाइल होते आणि तिच्या माथ्यावर आवृत्तीचा क्रमांक असतो : जावा ८ साठी ५२, जावा १७ साठी ६१, जावा २१ साठी ६५. दुभाषी जुना आणि फाइल नवी असली तर तो ती वाचण्याचे साफ नाकारतो. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत जुनी जावा राहून गेलेली असते, हे ध्यानात घेऊन कोणत्या आवृत्तीसाठी संकलन करावयाचे ते बांधणीच्या वेळीच स्पष्ट सांगावे.

अशा शेकडो क्लास-फायली सुट्या हिंडवीत फिरणे शक्य नसल्यामुळे १९९७ च्या सुमारास ‘जार’ हा प्रकार आला. जार म्हणजे दुसरेतिसरे काही नसून झिप-पद्धतीने बांधलेले गाठोडे होय. ज्यांनी पुण्याच्या पेशवे दप्तरात काम केले आहे त्यांस ‘रुमाल’ ही संज्ञा परिचित असेल : कागद एकत्र करून फडक्यात बांधावयाचे. जार हा असाच रुमाल असून त्यात काय आहे हे सांगणारी यादी ‘मेटा-इन्फ’ नावाच्या कप्प्यात ‘मॅनिफेस्ट’ या नावाने ठेवलेली असते. या यादीतील ‘मेन-क्लास’ ही ओळ सर्वांत महत्त्वाची, कारण कोठून वाचावयास आरंभ करावयाचा ते ती सांगते. ती नसेल तर गाठोडे पूर्ण असूनही दुभाषी मुख्य वर्गाची नोंद नाही एवढेच सांगून थांबतो. मॅनिफेस्टची एक ओळ ७२ बाइटांहून मोठी असू नये असाही दंडक आहे. येथे बाइट म्हटले आहे, अक्षर नव्हे. यूटीएफ-८ संकेतनात देवनागरीचे एकेक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणजे आपल्या वाट्यास ओळीत जेमतेम चोवीस चिन्हे येतात. लांब ओळ मोडून पुढे चालू ठेवण्याची रीत आहे व बांधणीची साधने ती आपोआप पाळतात. हाताने मॅनिफेस्ट लिहिण्याचा हव्यास मात्र धरू नये.

बांधणीची ही सर्व कामे एका वर्णनावरून करून देणारे जे साधन अधिक रूढ आहे ते अपाचे प्रतिष्ठानाचे ‘मेव्हन’. त्याची पहिली आवृत्ती २००४ साली व दुसरी, जिच्यावर आजची रचना उभी आहे, २००५ साली आली. नावाची व्युत्पत्ती आपल्या वाचकांस रुचेल : यिद्दिश भाषेत ‘मेव्हन’ म्हणजे जाणकार, आणि यिद्दिशने तो शब्द घेतला आहे हिब्रूतील ‘समजणारा’ या अर्थाच्या धातुसाधितावरून. या जाणकारास स्वतःला मात्र जवळजवळ काहीच येत नाही. संकलन, चाचणी, गाठोडे बांधणे, ते भांडारात ठेवणे अशा टप्प्यांचा क्रम तेवढा त्याच्यापाशी ठरलेला असतो. प्रत्यक्ष काम प्रत्येक टप्प्यास जोडलेले प्लगिन करते. आपण ‘पॉम’ नावाच्या एका फाइलीत आपल्या आज्ञावलीचा गट, नाव व आवृत्ती नोंदवितो, कोणत्या लायब्रऱ्या हव्यात ते त्याच त्रिपदी पद्धतीने सांगतो, आणि मेव्हन त्या मध्यवर्ती भांडारातून आणवितो. लायब्ररीची लायब्ररी, तिचीही लायब्ररी, असा गोतावळाही तोच गोळा करतो.

आता नवख्याची फसगत कोठे होते ते पाहू. ‘पॅकेज’ हा टप्पा उरकला की जार तयार होतो आणि काम झाले असे वाटते. परंतु या टप्प्यास मुळात जोडलेले जार-प्लगिन केवळ आपण लिहिलेले वर्ग व आपल्या साधन-फायली बांधते. आय. सी. यू. त्यात येत नाही. लेखकाच्या यंत्रावर ती भांडारातून येऊन पूर्वीच बसलेली असते व संपादन करण्याचे साधन तिचा रस्ता जाणते, म्हणून तेथे उणीव दिसून येत नाही. दुसऱ्या यंत्रावर पहिली सूची लावावयास घेताच वर्ग सापडत नाही असा त्रागा आज्ञावली करते.

यावर साधा उपाय म्हणजे लायब्रऱ्यांच्या प्रती वेगळ्या फोल्डरमध्ये काढून (हे काम डिपेंडन्सी-प्लगिन करते) त्यांचा रस्ता मॅनिफेस्टच्या ‘क्लास-पाथ’ ओळीत लिहावा. ही पद्धत प्रामाणिक आहे. कोणाचे काय, ते वेगळे राहते. पण पेनड्राइव्हवर फक्त जार चढतो आणि फोल्डर मागे राहतो, हा प्रकार इतका नित्याचा आहे की विद्यार्थ्यांस ती सुचवावयास मन घेत नाही. दुसरा मार्ग असेंब्ली-प्लगिनचा. ते सर्व लायब्रऱ्यांची गाठोडी सोडून त्यांतील ऐवज आपल्या गाठोड्यात ओतते व एकच भला थोरला जार बांधते. सोय मोठी, पण ओतताना होणाऱ्या मिसळणीवर ताबा ठेवण्याची साधने त्यात बेताची आहेत, आणि त्या प्लगिनची माहितीपुस्तिकाच अशा वेळी शेड-प्लगिनकडे बोट दाखविते.

मिसळणीत काय बिघडते हे समजून घेणे अगत्याचे आहे. जावात एखादी सेवा कोणते वर्ग पुरवितात हे ‘मेटा-इन्फ’मधील ‘सर्व्हिसेस’ या कप्प्यातल्या लहानशा फाइलीत नोंदलेले असते, आणि त्या फाइलीचे नाव सेवेवरून ठरते. साहजिकच दोन लायब्रऱ्या एकच सेवा पुरवीत असतील तर दोहोंत त्याच नावाची फाइल असते. दोन ग्रंथ एका पुठ्ठ्यात बांधताना दोघांच्या सूचींना एकच नाव आहे म्हणून एक सूची फाडून टाकावी, तसे येथे घडते. ग्रंथाची पाने सर्व हजर. पण त्यांपैकी अर्ध्यांचा उल्लेख सूचीत नाही. ‘ल्युसीन’ ही शोधाची लायब्ररी वापरून ज्यांनी संहितासंग्रह शोधण्याजोगा केला असेल त्यांस हा अनुभव येण्याचा पुष्कळ संभव आहे. तिचे संग्रह-प्रकार याच मार्गाने ओळखले जातात, आणि नोंद गेली म्हणजे जारमध्ये वर्ग असूनही तो अस्तित्वात नाही असा निर्वाळा मिळतो. शेड-प्लगिनमध्ये अशा फायली पुसून न टाकता एकाखाली एक जोडणारा ‘ट्रान्सफॉर्मर’ आहे. तो स्वतः होऊन काम करीत नाही. पॉममध्ये त्याचे नाव लिहावे लागते. ज्या लायब्रऱ्यांवर त्यांच्या कर्त्यांनी अंकीय सही केलेली असते त्यांच्या सहीच्या फायली मात्र वगळाव्या लागतात, कारण सही जुन्या गाठोड्याची आणि ऐवज नव्या गाठोड्याचा असे झाल्यास दुभाषी तो जार बनावट समजतो. परवान्याचे कागद वगळू नयेत. दुसऱ्याचे श्रम आपल्या पुठ्ठ्यात बांधताना त्याचे नाव काढून टाकणे हे वाङ्मयचौर्याहून फारसे वेगळे नाही.

शेड-प्लगिनची आणखी एक करामत पाठचिकित्सेच्या अभ्यासकांस आवडावी. एकाच लायब्ररीच्या दोन विसंगत आवृत्त्या जवळजवळ नांदवावयाच्या असतील, तर हे प्लगिन बाइटकोडमध्ये शिरून एकीच्या वर्गांची नावे आणि त्यांचे सर्व उल्लेख बदलते. दोन पोथ्यांस निरनिराळी संकेताक्षरे देऊन त्यांचे पाठ एकाच आवृत्तीत सांभाळावे, तसेच हे. लहान कामांत याची गरज पडत नाही.

येथवरचे दोष निदान बोलके आहेत. आज्ञावली थांबते आणि कारण सांगते. देवनागरीवर येणारी संकटे बहुधा मुकी असतात.

त्यांतले पहिले संकलनाच्या वेळचे. आज्ञावलीच्या मजकुरात ‘ळ’ असे अक्षर लिहिलेले असले, तर ती फाइल कोणत्या संकेतनात आहे हे संकलकास ठाऊक असावे लागते. न सांगितल्यास तो यंत्राचे रूढ संकेतन गृहीत धरी. आणि विंडोजवर ते पश्चिम युरोपीय लिपींचे असे. एका ‘ळ’ची मग तीन परकी चिन्हे होतात. एखाद्या बाइटापाशी संकलक कुरकुर करतो, पुष्कळदा तीही करीत नाही. आज्ञावली चालते, ‘ळ’युक्त शब्द शोधते आणि शून्य शब्द सापडले असे सांगते! मार्च २०२२ मधील जावा १८ पासून यूटीएफ-८ हेच रूढ संकेतन झाले असले तरी जुन्या जावावर बांधणी करणारे अद्याप पुष्कळ आहेत. म्हणून पॉममध्ये मजकुराच्या संकेतनाची एक ओळ लिहिणे टाळू नये. शिवाय कन्सोलच्या काळ्या खिडकीत छापले जाणारे शब्द आजही यंत्राच्या संकेतनाप्रमाणेच जातात.

दुसरे संकट ‘प्रॉपर्टीज’ फायलींचे, ज्यांत खिडकीवरील मराठी शब्द ठेवण्याची वहिवाट आहे. जावा ८ पर्यंत या फायली पश्चिम युरोपीय संकेतनातच वाचल्या जात आणि प्रत्येक देवनागरी अक्षर त्याच्या क्रमांकाने लिहून द्यावे लागे. २०१७ सालच्या जावा ९ ने भाषावार संच यूटीएफ-८ म्हणून वाचण्यास आरंभ केला. परंतु तीच फाइल थेट बाइटांच्या ओघातून उघडणारी जुनी पद्धत अजून पूर्वीच्याच नियमाने चालते. दोन दारे, दोन नियम. संकेतनाचा उच्चार करून उघडलेला ‘रीडर’ वापरला म्हणजे हा घोळ राहत नाही.

फाँटाची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. मराठी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ सर्व यंत्रांवर दिसावा या रास्त हेतूने आपण मुक्त परवान्याचा एखादा फाँट जारमध्ये ठेवतो. त्याच साधन-फोल्डरात आवृत्तीचा क्रमांक दाखविणारी एक मजकूर-फाइल असते, आणि तिच्यातील रिकामी जागा बांधणीच्या वेळी भरली जावी म्हणून आपण ‘फिल्टरिंग’ चालू करतो. रिसोर्सेस-प्लगिन मग फोल्डरातील प्रत्येक फाइल मजकूर समजून वाचते व पुन्हा लिहिते. नेहमीचे काही चित्रप्रकार त्याने मुळातच वगळलेले असतात. फाँट त्यांत नाही. परिणामी फाँटाची फाइल जारमध्ये दिसते, पण ती आतून मोडलेली असते. उपाय सोपा आहे : फाँटाचा प्रकार न गाळावयाच्या यादीत घालावा, अथवा फाँटासाठी फिल्टरिंग नसलेला वेगळा फोल्डर करावा. मला दुसरा मार्ग अधिक सुरक्षित वाटतो.

शब्दसूची जारमध्ये ठेवणाऱ्यांसाठी येथेच सांगून टाकलेले बरे की, जारमधील फाइल ही डिस्कवरील फाइल नव्हे. तिला रस्ता देऊन उघडता येत नाही, ‘रिसोर्स’ म्हणून मागावी लागते. नावातील रोमन लिपीची लहान-मोठी अक्षरे विंडोज एकच मानते, जार मानीत नाही. आणि क्षेत्रकार्यात वाढत जाणारी सूची जारमध्ये कोंडूच नये. आय. आय. टी.च्या शब्दजालातही जार व शब्दांच्या फायली वेगवेगळ्या ठेवल्या आहेत, ते योग्यच होय.

आतापर्यंत आपण यंत्रावर दुभाषी आहे असे धरून चाललो. २०१८ च्या जावा ११ पासून ओरॅकलने वाचकासाठी निराळा दुभाषी देणे बंद केले आणि आज्ञावलीनेच आपला दुभाषी सोबत न्यावा ही रीत पुढे आली. एलान बसविताना निराळी जावा लागत नाही ती याच कारणाने. यासाठी दोन साधने जावासोबतच येतात. ‘जेलिंक’ हवे तेवढे विभाग घेऊन दुभाषी लहान करते. ‘जेपॅकेज’, जे २०२० च्या जावा १४ मध्ये प्रायोगिक म्हणून आले व २०२१ च्या जावा १६ मध्ये कायम झाले, ते त्या दुभाष्यास आपल्या जारशी जोडून विंडोज, लिनक्स अथवा मॅकच्या रीतीचा स्थापना-संच करते. मेव्हनमधून जेपॅकेज चालविण्यासाठी अपाचेबाहेरील लेखकांची प्लगिने मिळतात. विंडोजचा संच विंडोजवरच, लिनक्सचा लिनक्सवरच बांधावा लागतो, आणि विंडोजवर ‘विक्स’ हे साधन वेगळे बसवावे लागते. बाकी कृती सुलभ आहे.

मात्र दुभाषी लहान करताना एक कात्री नेमकी मराठीवर चालते. जावाच्या मूळ विभागात भाषाविषयक माहिती जवळजवळ इंग्रजीपुरतीच आहे. मराठी महिन्यांची व वारांची नावे, अंकांची रूढी इत्यादी सर्व ‘लोकेलडेटा’ या निराळ्या विभागात आहे. कोणते विभाग लागतील हे शोधून देणारे ‘जेडेप्स’ आज्ञावलीतील उल्लेख तपासते, आणि लोकेलडेटाचा उल्लेख कोणीही नावाने करीत नाही; तो सर्व्हिसेसच्या मार्गाने मागाहून येऊन मिळतो. तेव्हा यादीत तो नसतो, जेलिंक तो घेत नाही, आणि लेखकाच्या यंत्रावर मराठीत उमटलेली मुलाखतीची तारीख वाचकाच्या यंत्रावर मराठीत उमटत नाही. आज्ञावली तारखेवरून नोंदी शोधीत असेल तर त्या सापडतही नाहीत. तो विभाग हाताने यादीत घालावा, आणि आकाराची चिंता असल्यास ‘इन्क्लूड-लोकेल्स’ या पर्यायाने इंग्रजी व मराठी एवढेच ठेवावे. हाच न्याय ‘चारसेट्स’ या विभागास लागू आहे. १९९१ साली भारतीय मानक म्हणून मान्य झालेल्या ‘इस्की’ संकेतनातील जुन्या फायली वाचण्याची किल्ली त्यात असते. ज्या विभागांत युनिकोडपूर्व काळातील मराठी टंकलेखन पडून आहे त्यांनी तो गाळू नये.

बांधलेला संच तपासावयाचा तो ज्या यंत्रावर जावा, मेव्हन यांपैकी काहीही कधी बसविलेले नाही अशा यंत्रावर. तेही विंडोजचे प्रादेशिक स्वरूप इंग्रजीवर ठेवून. तपासणीसाठी पाचच शब्दांची सूची पुरेशी आहे, पण तिच्यात ‘डोळा’, ‘क्षेत्र’ व ‘ज्ञान’ असावेत आणि निदान एक तारीख असावी.

प्रबंधात अशा आज्ञावलीचा आधार घेतला असेल तर केवळ तिचे नाव देऊन भागत नाही. मेव्हन गाठोड्यातील प्रत्येक फाइलीवर बांधणीची वेळ टाकीत असल्यामुळे तोच मजकूर दोनदा बांधला तरी दोन जार बाइटागणिक सारखे निघत नाहीत. पॉममध्ये ‘आउटपुट-टाइमस्टँप’ या नावाने एक ठराविक वेळ लिहून दिली आणि जावाची व प्लगिनांची आवृत्ती पक्की केली, तर ते सारखे निघू शकतात. मग त्या जारचा शा-२५६ पद्धतीने काढलेला ६४ चिन्हांचा ठसा परिशिष्टात छापता येतो, आणि परीक्षकास आपल्या हातातील प्रत प्रबंधात वापरलेलीच आहे की नाही हे घरबसल्या पडताळता येते.